वसतिगृहाच्या मेसमधील हूड डिशवॉशर : यंत्र पहिल्या वर्गात, सेवा काठावर पास

पुण्याच्या वेशीबाहेर, जिथे महापालिकेचे पाणी अजून नीट पोहोचलेले नाही अशा भागातील एका वसतिगृहाच्या मेसची व्यवस्था माझ्याकडे आहे. तेथे हूड प्रकारचे व्यावसायिक डिशवॉशर काही वर्षे रोज तिन्ही त्रिकाळ चालते आहे, आणि ते रडतखडत चालू लागल्यावर काय होते याचाही पुरेसा अनुभव गाठीशी आहे. यंत्राचे व विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. या वर्गातील यंत्रांची मूळ रचना, मग ती युरोपातून आलेली असोत वा येथे जुळवलेली, इतकी सारखी असते की खाली ज्या बिघाडाविषयी सविस्तर लिहिले आहे तो कोणत्याही नावाच्या यंत्रात होऊ शकतो, आणि शोधण्याची रीतही तीच राहते.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात रचना सांगतो. ५०० बाय ५०० मिलिमीटरचा चौकोनी रॅक आत सरकवायचा आणि वरचे झाकण, म्हणजे हूड, खाली ओढायचे; हूड बसताच फेरी सुरू होते. खालच्या टाकीतले साधारण ५५ ते ६५ अंशांचे साबणाचे पाणी पंपाने पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारले जाते. शेवटी वेगळ्या बॉयलरमधले ८० ते ८५ अंशांचे स्वच्छ पाणी काही सेकंद भांड्यांवर पडते आणि ती विसळून निघतात. एका रॅकला हे विसळण्याचे पाणी दोन ते साडेतीन लिटर लागते आणि तेच खाली टाकीत पडून धुण्याचे पाणी थोडे थोडे बदलत राहते. घरगुती डिशवॉशर तास-दीड तास घेते, हे एक ते तीन मिनिटांत काम आटोपते. या झपाट्याचे रहस्य एवढेच की येथे पाणी आधीच तापवून ठेवलेले असते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा बिघाड त्याच्याभोवती फिरतो.

विसळण्याचे तापमान हा चैनीचा भाग नाही. उच्च तापमानाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रांसाठी अमेरिकेत जो दंडक सर्वसाधारणपणे पाळला जातो त्यात विसळण्याचे पाणी ८२ अंशांचे आणि भांड्याचा पृष्ठभाग निदान ७१ अंशांपर्यंत तापलेला असावा लागतो. भांडे इतके तापले की बाहेर काढल्यावर स्वतःच्या उष्णतेने मिनिटभरात कोरडे होते आणि फडक्याने पुसण्याची गरज उरत नाही. मेसमधले पुसायचे फडके दुपारी तीननंतर कोणत्या अवस्थेत असते हे ज्याने पाहिले आहे त्याला या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आमच्या भांड्यांवर यंत्राची कामगिरी कशी आहे? कप्प्यांची स्टीलची ताटे उत्तम निघतात. तर्रीचा तेलकट थर, वरणाचे वाळलेले ओघळ, पोळीचे पीठ या सर्वांना ते पुरून उरते. वाळलेला भात आणि पिठले यांच्याशी मात्र त्याची झुंज चालते, म्हणून ताटे आधी खरकटे झाडून, थंड किंवा कोमट पाण्याच्या फवाऱ्याने ओली करून मगच लावावीत. एकदम कढत पाणी मारले तर दूध, अंडे किंवा डाळ यांतली प्रथिने गोठून भांड्याला अधिकच चिकटतात. मेलामाइनच्या बश्यांवरचा हळदीचा डाग जात नाही, तो या यंत्राचा दोषही नाही. वाट्यांची अडचण वेगळी आहे. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन यांनी ज्या यंत्राचे पेटंट घेतले त्यात प्रत्येक बशीच्या मापाचे तारेचे कप्पे होते, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. त्यांची सुरुवातीची गिऱ्हाइके हॉटेलेच होती. तेव्हापासून रॅकची कल्पना चिनी मातीच्या बशीभोवतीच घोटाळत राहिली आहे. आपली वाटी खुंट्यांच्या रॅकमध्ये उभी राहत नाही, आणि साध्या रॅकमध्ये पालथी घातली की तिच्या बुडाच्या खळग्यात पाणी साचते. रॅक तिरपा करून झटकणे हाच आमच्याकडचा उपाय आहे.

अॅल्युमिनियमची पातेली आणि कळशा या यंत्रात घालू नयेत. व्यावसायिक डिशवॉशरचे साबणद्रव्य तीव्र अल्कधर्मी असते आणि त्याने अॅल्युमिनियम काळे पडते. कल्हईच्या भांड्यांनाही तोच धोका आहे. महाराष्ट्रातल्या भटारखान्यात अजून बरीच मोठी भांडी अॅल्युमिनियमची असतात, म्हणजे यंत्र आले तरी मोरीतली घासणी काही सुटत नाही. विकत घेताना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आता मुख्य बिघाड. दोन मिनिटांच्या फेरीवर लावलेले यंत्र दुपारच्या गर्दीत एकेका रॅकला तीन मिनिटांच्या आसपास वेळ घेऊ लागले. पडद्यावर बिघाडाचा कोणताही संकेत नव्हता, आवाज नेहमीचा होता, गळती नव्हती, ताटेही सुरुवातीला स्वच्छ निघत होती. फक्त फेरी संपल्याचा दिवा वेळेवर लागत नव्हता आणि खिडकीशी उष्ट्या ताटांची चळत चढत होती. गर्दी वाढली की पुढे पुढे ताटांवर तेलकटपणाही राहू लागला. भांडी विभागातल्या मावशींनी सांगितले, “साहेब, मशीन सकाळी ताजं असतं, दुपारी दमतं.” संपूर्ण प्रकरणात इतके नेमके निरीक्षण दुसऱ्या कोणाकडून मिळाले नाही.

अधिकृत सेवाकेंद्राचा तंत्रज्ञ आला, त्याने बटणे दाबून पाहिली, मोबाइलवर फेरीचा वेळ मोजला आणि कंट्रोल बोर्ड, म्हणजे फेरीचा वेळ व क्रम सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेल्याचे जाहीर केले. नव्या बोर्डाचे दरपत्रक त्याच संध्याकाळी ईमेलने आले. सेवाकेंद्राची तेवढी तत्परता मान्य करायला हवी. त्याच्या बॅगेत क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा धरून प्रवाह मोजणारे उपकरण, होता, पण तो बॅगेतून बाहेर आला नाही. बोर्डाची किंमत इतकी होती की संमती देण्यापूर्वी दुसरे मत घेणे भाग होते.

बोर्डाचा संशय मुळातच तर्काला धरून नव्हता. वेळ मोजणारा बोर्ड बिघडला असेल तर तो सकाळीही तितकाच बिघडलेला असायला हवा. येथे सकाळचा पहिला रॅक अगदी वेळेवर बाहेर येत होता, दुसऱ्याला थोडा उशीर होत होता आणि तिसऱ्या-चौथ्यापासून रेंगाळणे सुरू होत होते. या वर्गातील बहुतेक यंत्रांत अशी सोय असते की बॉयलरमधील पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचल्याशिवाय ते भांड्यांवर सोडलेच जात नाही. तोपर्यंत यंत्र नुसते धूत राहते. सकाळी बॉयलर भरून तापलेला असतो, म्हणून पहिल्या रॅकला वाट पाहावी लागत नाही. त्यानंतर प्रत्येक रॅकमागे जितके गरम पाणी खर्च होते तितकेच थंड पाणी आत येते आणि ते तापेपर्यंत पुढचा रॅक अडकून पडतो. म्हणजे प्रश्न घड्याळाचा नव्हता, तापण्याच्या वेगाचा होता.

हे गणिताने पडताळून पाहता येते. तीन लिटर पाणी ३० अंशांवरून ८५ अंशांवर न्यायचे तर सुमारे ६९० किलोज्यूल उष्णता लागते. आमच्या यंत्राचा बॉयलर ६ किलोवॅटचा, म्हणजे हे काम साधारण ११५ सेकंदांत व्हायला हवे. दोन मिनिटांची फेरी आणि रॅक काढण्या-घालण्यातला वेळ यांत ते आरामात बसते. पण बॉयलरमध्ये २ किलोवॅटचे तीन हीटर असतात, थ्री फेजच्या प्रत्येक फेजवर एक. त्यातला एक मेला तर हाती ४ किलोवॅट उरतात आणि तेच पाणी तापायला १७३ सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटे लागतात. मेसमध्ये प्रत्यक्षात जो वेळ लागत होता तो याच्याशी जुळत होता. ताटांवरच्या तेलकटपणाचाही उलगडा येथेच झाला. विजेचा भार मर्यादित राहावा म्हणून अनेक यंत्रांत बॉयलर तापत असताना धुण्याच्या टाकीचा हीटर बंद ठेवला जातो. बॉयलरच सतत तापत राहिला तर टाकीची पाळी येत नाही आणि साबणाचे पाणी हळूहळू निवत जाते.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनने केलेली तपासणी पाहण्यासारखी होती. हे काम ४१५ व्होल्टवरचे आहे, त्यामुळे हौशी माणसाने पॅनेल उघडण्याच्या भानगडीत पडू नये. बॉयलर तापत असताना त्याने काँटॅक्टरनंतरच्या, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचनंतरच्या, तीन वायरी एकेक करून क्लॅम्प मीटरच्या जबड्यात धरल्या. पहिल्या दोन्हींवर पावणेनऊच्या आसपास अँपिअर दिसले, तिसरीवर शून्य. एवढ्यावर थांबून हीटरला दोष देणे चुकीचे ठरले असते, कारण पुरवठ्यातली एक फेज गेली किंवा काँटॅक्टरचा एक संपर्क जळला तरी मीटरवर असेच शून्य दिसते. म्हणून त्याने काँटॅक्टरच्या पुढे तिन्ही फेजचा व्होल्टेज मोजला. तो तिन्हीकडे सारखा होता. मग मुख्य स्विच बंद करून, वीज खरोखर गेल्याची खात्री करून, हीटरच्या तारा सोडवून रोध मोजला. २३० व्होल्टवर २ किलोवॅट देणाऱ्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम असतो. दोन हीटरांनी तो दाखवला, तिसऱ्यावर मीटर काहीच दाखवेना, म्हणजे त्याची आतली तार तुटलेली होती. बोर्ड धडधाकट होता.

हीटर बाहेर काढल्यावर त्याच्यावर जुन्या बंबाच्या पोटात बसतो तसा पिवळट-पांढरा कडक थर होता आणि एका वळणापाशी धातूचे आवरण फुगून तडकले होते. क्षारांचा थर उष्णतेला अडवतो, त्यामुळे हीटरची उष्णता पाण्यात न जाता आतच कोंडते आणि आतली तार जळते. आवरण तडकून पाणी आत शिरले तर बऱ्याचदा आधी वीजगळती होताच पुरवठा तोडणारा गळतीरक्षक स्विच, म्हणजे आरसीसीबी, पडू लागतो. काही ठिकाणी तो ‘उगाच पडतो’ म्हणून सरळ बायपास केलेला मी पाहिला आहे. ओल्या जमिनीवर उभे राहून स्टीलच्या यंत्राला दिवसभर हात लावणाऱ्या माणसांच्या जिवाशी हा खेळ आहे.

आता क्षार आले कोठून, कारण यंत्राबरोबर पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवलेला होता आणि त्यात मीठही नियमित पडत होते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात भरपूर. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. मात्र जे पाणी पोटाला चालते ते ८५ अंशांच्या बॉयलरला चालेलच असे नाही. सॉफ्टनरमधले रेझिन, म्हणजे राळेसारख्या पदार्थाचे बारीक मणी, कॅल्शियम धरून ठेवते व बदल्यात सोडियम सोडते, आणि ते भरले की मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करावे लागते. हे ताजे करण्याचे अंतर यंत्र बसवताना एका काठिण्यासाठी ठरवून दिले होते. मेसचे पाणी मात्र कधी बोअरचे, कधी टँकरचे, उन्हाळ्यात तर टँकरही वेगवेगळ्या विहिरींवरून येणारा. काठिण्य ३०० वरून ६०० झाले की तेच रेझिन निम्म्याच लिटरांत भरते, आणि पुढचे सर्व पाणी जसेच्या तसे बॉयलरमध्ये जाते. म्हणून थेंबांनी काठिण्य मोजायचा साधा संच मेसमध्येच ठेवावा आणि सॉफ्टनरमधून बाहेर आलेले पाणी आठवड्यातून एकदा, टँकर बदलला तर त्याच दिवशी, तपासावे.

येथे एक गैरसमजही दूर व्हायला हवा. सॉफ्टनरने पाणी जड राहत नाही, पण त्यातले एकूण विरघळलेले क्षार कमी होत नाहीत. त्यामुळे सॉफ्टनर ठणठणीत असूनही काचेच्या पेल्यांवर पांढुरके ठिपके राहू शकतात. हे ठिपके ओल्या फडक्याने सहज पुसले जातात, कॅल्शियमचा थर पुसला जात नाही. स्टीलच्या पेल्यांसाठी विसळण्याच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाची मात्रा नीट लावणे पुरते. काचेचे पेले ठेवणाऱ्या हॉटेलांना शेवटी आरओचे पाणी द्यावे लागते.

साठलेला थर उतरवण्यासाठी आम्लयुक्त द्रव मिळतो आणि त्याचा उपयोग होतोही. मात्र अनेक साबणद्रव्यांत क्लोरीन असते, आणि आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू सुटतो. टाकी पूर्ण रिकामी करून, साबण सोडणारा पंप बंद करून, दारे-खिडक्या उघड्या ठेवूनच हे काम व्हावे. आमच्याकडे पहिल्या सेवाभेटीत ही सूचना कोणीही दिली नव्हती.

इतर किरकोळ बिघाडांपैकी दोन नोंदवण्याजोगे आहेत. टाकीची पातळी मोजण्यासाठी तळाशी एक छोटा हवेचा कप्पा आणि त्याला जोडलेली बारीक नळी असते. पाणी चढले की नळीतली हवा दाबली जाऊन प्रेशर स्विच लागतो. या कप्प्यात तूप-तेलाचा गाळ बसला की स्विचला पाणी चढल्याचे कळत नाही आणि टाकी भरतच राहते. त्यावर स्विच बदलण्याचा सल्ला मिळाला होता, कप्पा कढत पाण्याने साफ केल्यावर तो बदलावा लागला नाही. दुसरा प्रकार फेसाचा. ताटे आधी ओली करताना कोणी हाताने भांडी घासायचे द्रव वापरले तर ते टाकीत जाऊन प्रचंड फेस होतो, पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, फवाऱ्याचा जोर जातो आणि भांडी अस्वच्छ निघतात. यात यंत्र निर्दोष असते. बेसिनवरची ती हिरवी बाटली उचलून दुसरीकडे ठेवावी.

तेव्हा यंत्राविषयी माझे मत अनुकूल आहे. जाड स्टील, साधी यांत्रिक रचना, पाणी फवारणारे फिरते हात पान्याशिवाय नुसत्या हाताने निघतात, गाळण्या रोज धुणे सोपे आणि विजेचे पॅनेल समोरून उघडते. उणीव एकच ठळक आहे. ज्या यंत्राला बॉयलरचे तापमान पडद्यावर दाखवता येते त्याला ‘तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे’ एवढा इशारा देणे अवघड नव्हते, पण तो नाही. शिवाय पडद्यावरचा आकडा बॉयलरच्या आतला असतो, ताटावरचा नव्हे. ताटाला चिकटवायच्या, ७१ अंशांना रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. महिन्यातून एखादी खर्च करावी.

सेवेविषयी तेवढ्या मोकळेपणाने चांगले लिहिता येत नाही. तंत्रज्ञ वेळेवर येतो, नम्र असतो, पण त्याचे प्रशिक्षण सुटे भाग बदलण्याचे आहे, मोजमाप घेण्याचे नाही. वार्षिक करारात हीटर, गॅस्केट आणि नळ्या या ‘उपभोग्य वस्तू’ म्हणून वगळलेल्या आहेत, आणि पाण्याचे काठिण्य ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास हमी रद्द होते, असेही त्यात बारीक अक्षरात आहे. म्हणजे जे बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त तेच कराराबाहेर. मूळ हीटर परदेशातून यायला लागणारा वेळ ऐकून आम्ही भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका लघुउद्योगाकडून नमुन्याबरहुकूम हीटर करून घेतला आणि तो व्यवस्थित चालला आहे. मात्र करून घेताना वॅटबरोबर नळीची लांबीही मूळ इतकीच ठेवायला सांगावी. तोच वॅट आखूड नळीत कोंबला तर तिचा पृष्ठभाग अधिक तापतो आणि क्षार त्यावर आणखी वेगाने बसतात.

घेण्याचा विचार करणाऱ्यांनी जागेवर तीन गोष्टी आधी पाहाव्यात. गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो, आणि थेट नळावर चालणाऱ्या अनेक यंत्रांना साधारण दोन बार लागतो. म्हणजे वेगळा पंप आलाच. बॉयलर, टाकी आणि पंप मिळून होणारा भार महावितरणकडून मंजूर भारात आणि जनरेटरवर बसतो का, हे इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्यावे. आणि डिसेंबरात नळाचे पाणी २० अंशांवर येते तेव्हा धडधाकट यंत्रालाही तेच तीन लिटर तापवायला वीसेक सेकंद जास्त लागतात. तेवढ्यावरून तंत्रज्ञाला बोलावू नये.

करार नूतनीकरणाला आला तेव्हा आम्ही त्यात दोन कलमे घालायला सांगितली. प्रत्येक भेटीत तिन्ही फेजचा प्रवाह आणि सॉफ्टनरमधून बाहेर आलेल्या पाण्याचे काठिण्य मोजून भेटपत्रकावर लिहावे, हे पहिले. मोजमापाशिवाय सुचवलेला भाग चुकीचा निघाल्यास त्या भेटीचे शुल्क आकारू नये, हे दुसरे. पहिले कलम विक्रेत्याने लगेच मान्य केले. दुसरे वरिष्ठांकडे विचाराधीन आहे.